ईकोच्या पोटाखालची चोरी : सायलेन्सर वाचवायचा कसा?

रात्री दारापुढे नीट लावलेली ईको सकाळी किल्ली फिरवताच ट्रॅक्टरसारखी गरजते. काचा शाबूत, दारांची कुलुपे जागच्या जागी, टाकीतले पेट्रोलही तेवढेच. मालक वाकून पाहतो, तेव्हा गाडीच्या पोटाखालचा सायलेन्सर नाहीसा झालेला असतो. २०२१च्या सुमारास गुजरातपाठोपाठ मुंबई, ठाणे आणि पुणे परिसरात अशा तक्रारी वाढत गेल्या, आणि पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांमुळे त्यांचे गूढ उकलले. चोरांना सायलेन्सरच्या लोखंडात रस नव्हता. त्यांचा डोळा होता आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर.

कन्व्हर्टर म्हणजे पोलादी कवचात बसवलेला, मधमाशांच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांचा चिनी मातीसदृश ठोकळा. त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम या धातूंचा अतिपातळ थर असतो. इंजिनातून निघालेला विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तेथे बऱ्याच अंशी कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन यांत रूपांतर होते. भारतात चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना हा भाग १९९५पासून सक्तीचा झाला. शिसे या थराला निकामी करते, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही त्याच वेळी आले.

एका कन्व्हर्टरमध्ये हे धातू अवघे काही ग्रॅम असतात. पण रोडियमचा भाव मार्च २०२१मध्ये औंसाला २९,००० डॉलरच्या घरात गेला होता आणि युक्रेन युद्धाच्या प्रारंभी, मार्च २०२२मध्ये, पॅलेडियम ३,४०० डॉलरवर पोहोचले. अमेरिकेत कन्व्हर्टर चोरीचे विमा दावे २०१८मध्ये १,२९८ होते, ते २०२०मध्ये १४,४३३ झाले. तेथे आणि युरोपात मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्या, सोपे लक्ष्य ठरतात. त्या जमिनीपासून उंच असतात आणि हिवाळाभर एकाच जागी उभ्या राहतात. पुढे भाव बरेच उतरले. भंगाराच्या बाजारात या ‘माती’ला एकदा लाभलेली प्रतिष्ठा मात्र तितक्या लवकर उतरत नाही.

आपल्याकडे मोटरहोम विरळाच. तिची जागा २०१०मध्ये बाजारात आलेल्या मारुती ईकोने घेतली. ती शाळेची गाडी असते, खासगी रुग्णवाहिका असते, दुधाची, किराण्याची, वऱ्हाडाची गाडीही असते. रात्री ती बहुधा रस्त्यावरच राहते. तिची एक्झॉस्ट नळी उघडी आणि नट-बोल्टांवर टांगलेली असल्याने पाना चालवण्याचा सराव असलेल्याला काही मिनिटे पुरतात. काही टोळ्या तर आतली माती काढून रिकामे कवच परत बसवत, म्हणजे मालकाला कित्येक दिवस पत्ताच लागू नये.

आदिलाबादकरांनी ही शहरांची डोकेदुखी म्हणून सोडून देण्याजोगी नाही. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यानंतर पैनगंगा ओलांडून याच जिल्ह्यात शिरतो. उचललेला माल रात्रीतून दुसऱ्या राज्यात नेणे येथे अवघड नाही. शिवाय गाड्या अनोळखी ठिकाणी रात्र काढतात, असे प्रसंग या भागात वर्षभर येतात. पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबा जत्रेत वाहनांच्या रांगा शेतांत लागतात. रिम्स रुग्णालयाबाहेर रुग्णासोबतचे नातेवाईक आत आणि गाडी बाहेर असते. कापसाच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात व भोवती रात्रभर ये-जा चालते. अशा गर्दीत गाडीखाली आडवा झालेला माणूस दुरुस्ती करतो आहे की चोरी, हे कोणी विचारत नाही.

या चोरीपुढे नेहमीचे उपाय लंगडे पडतात. स्टिअरिंगचे कुलूप, इम्मोबिलायझर, जीपीएस हे सारे गाडी हलू नये किंवा हलली तर कळावे यासाठी असते, आणि येथे गाडी हलतच नाही. खरा उपाय गाडीखालची जागा नाकारण्यात आहे. आधी सायलेन्सर कोणत्या अंगाला आहे ते स्वतः वाकून पाहावे. मग ती बाजू भिंतीला इतकी चिकटवून लावावी की मधून माणूस किंवा जॅक जाऊ नये. दोन गाड्या असतील तर त्या अंगाला अंग लावून उभ्या कराव्यात. उघड्या गटारावर किंवा रस्त्याच्या कडेच्या उतारावर एक चाक टेकवून गाडी लावण्याची सवय सोडावी, कारण चोराला हवी असलेली वीतभर उंची अशा वेळी मालकच देतो. गाडी तिरकी झाली किंवा हादरली की वाजणारा अलार्म येथे जीपीएसपेक्षा अधिक उपयोगी पडतो. कोणी जवळ येताच लागणारा दिवाही कामाचा असतो. त्याचा झोत मात्र गाडीच्या टपावर न पडता जमिनीवर पडला पाहिजे.

दुसरा अडसर लोखंडाचा. एक्झॉस्टचे साधे नट काढून खास चावीशिवाय न निघणारे नट बसवता येतात. नेहमीच्या मिस्त्रीकडून भोवती पोलादी पट्ट्यांचा पिंजराही करून घेता येतो. काही जण नट थेट वेल्डिंगने पक्के करतात. ते करायचे तर आधी बॅटरीची जोडणी काढावी, ऑक्सिजन सेन्सर व त्याची तार जपावी आणि कन्व्हर्टरच्या कवचाला स्वतःला झळ लावू नये, कारण आतला ठोकळा तडकतो. पुढे सेन्सर बदलताना किंवा नळी उतरवताना हेच वेल्डिंग कापावे लागते, म्हणून पिंजरा बरा. तो जाळीदार हवा. कन्व्हर्टर सुमारे ३०० अंश सेल्सियसला कामाला लागतो आणि लांबच्या प्रवासात त्याहून पुष्कळ तापतो. त्याला बंद पत्र्यात कोंडणे, भोवती गोणपाट गुंडाळणे, किंवा प्रवासाहून आल्या आल्या वाळलेल्या पऱ्हाटीवर गाडी उभी करणे म्हणजे चोर टाळून आग बोलावणे होय.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वाधिक दुर्लक्षित. गाडीला चासी क्रमांक असतो, इंजिनाला क्रमांक असतो. कन्व्हर्टरवर मात्र तो कोणत्या गाडीचा हे सांगणारे बहुधा काहीच नसते. त्यामुळे पोलिसांनी गोदामातून पन्नास सायलेन्सर जप्त केले तरी त्यातला आपला कोणता, हे मालकाला सिद्ध करता येत नाही. कवचावर आणि नळीवर चासी क्रमांकाचे शेवटचे आकडे कोरून घ्यावेत, त्यावर उष्णतारोधक ठळक रंग द्यावा आणि छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे. कोरलेला माल घेताना भंगारवालाही कचरतो. चोरीचा माल आहे असे समजण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

चोरी झालीच तर गाडी चालवत गॅरेज गाठण्याची घाई करू नये. जागेवरच छायाचित्रे काढावीत, ११२वर कळवावे. तक्रारीत ‘जुना सायलेन्सर गेला’ एवढेच लिहिणे महागात पडते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी अदखलपात्र ठरते, आणि अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना करता येत नाही. कन्व्हर्टरसह सायलेन्सरची किंमत या मर्यादेच्या अनेक पटींनी अधिक असते. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून किमतीचे लेखी पत्रक घेऊन ते तक्रारीला जोडावे आणि कन्व्हर्टरचा उल्लेख नावानिशी करावा.

सीमेवरच्या मालकांची आणखी एक अडचण असते. रात्र आदिलाबादेत काढली, चोरी पांढरकवड्यात लक्षात आली, तर जायचे कोठे? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही ती पाठवता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. तोंडी दिलेली माहिती लिहून झाल्यावर ती तक्रारदाराला वाचून दाखवणे आणि नोंदीची प्रत विनामूल्य देणे बंधनकारक आहे. तेलुगू वाचता न येणाऱ्या मराठी मालकाने सही करण्यापूर्वी मजकूर समजावून घ्यावा, विशेषतः किमतीचा आकडा.

विम्याचे गणित वेगळे. केवळ थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर काहीच मिळत नाही. सर्वंकष पॉलिसीत भागाची चोरी मोडते, पण धातूच्या भागांवर घसारा कापला जातो. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला तो ४० टक्के असतो, त्याहून जुनीला ५०. शून्य घसाऱ्याची जोड घेतली असेल तरच ही कपात टळते. कंपनीच्या पाहणीआधी नवा भाग बसवला तर दावा अडतो.

काही ठिकाणी कन्व्हर्टरऐवजी नुसती नळी जोडून ‘गाडी चालते ना?’ असे सांगितले जाते. चालते खरी, पण डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पेटून राहतो, प्रदूषण तपासणीत कार्बन मोनॉक्साइड वाढलेला निघतो आणि शाळेच्या फाटकाशी उभ्या मुलांच्या नाकात तोच धूर जातो. हीच लक्षणे चोरांनी रिकामे कवच परत बसवले असल्यासही दिसतात. म्हणून अनोळखी ठिकाणी दुरुस्ती झाली, की हे दोन्ही तपासून घ्यावे. आणि कन्व्हर्टर खरोखरच बदलला असेल तर नव्याच्या पावतीबरोबर जुना भागही मागून घ्यावा. तो मालकाचाच असतो, आणि भंगारातही त्याला चांगली किंमत येते.