अँटवर्पचं लोखंड

कारखान्यांचं सांडपाणी नॅनो-लोखंडाने शुद्ध करायची कल्पना प्रयोगशाळेतली नवलाई म्हणून सांगितली जाते. पण लोखंडाने पाणी शुद्ध करायचा एक जुना दाखला बेल्जियममधल्या अँटवर्पच्या नळपाणी योजनेत आहे. तिथे १८८१च्या सुमारास नेटे नदीचं पाणी गुस्ताव बिशॉफच्या सच्छिद्र लोखंडाच्या थरातून गाळायला सुरुवात झाली. पाणी निवळलं, पण लोखंड गंजून त्याचे थर घट्ट होऊन तुंबले. मग विल्यम अँडरसन या इंजिनिअरने फिरतं पिंप आणलं. त्यात लोखंडाचे तुकडे सतत वरून खाली पडत, एकमेकांवर घासत आणि गंज झटकत. लोखंडाचं जुनाट दुखणं आणि त्यावरचा इलाज, दोन्ही तेव्हाच हाती आले होते!

पुढे ही वाट बुजली. १९८०च्या दशकात कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात भूजलाचे नमुने घ्यायचं साहित्य तपासताना एक गोष्ट दिसली. धातूला टेकलेल्या पाण्यातून क्लोरीनयुक्त द्रावकं नाहीशी होत होती. नमुन्याच्या दृष्टीने हा दोष. तिथल्या रॉबर्ट गिलहॅमने त्यातच उपाय पाहिला. लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन सोडतं आणि त्यांमुळे द्रावकातला क्लोरीन तुटून निघतो. १९९१ मध्ये कॅनडातल्याच बॉर्डन इथे वाळू आणि लोखंडाच्या कणांची भिंत जमिनीखाली घालून हे प्रत्यक्षात पाहिलं गेलं.

अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठात वांग आणि झांग यांनी १९९७ मध्ये हेच लोखंड नॅनो आकारात आणलं. बाजारच्या भुकटीचा पृष्ठभाग ग्रॅममागे ०.९ चौरस मीटर, यांच्या कणांचा ३३.५. वर पॅलेडियमचा मुलामा. पण इतके बारीक कण चुंबकत्वाने एकमेकांना चिकटू लागले. अँटवर्पचंच दुखणं, फक्त आकार बदललेला. त्यावर २००५च्या आसपास स्टार्च आणि सेल्युलोजपासून केलेली आवरणं आली. कण माती किंवा कार्बनवर बसवायचे प्रयोगही झाले.

गंज मात्र नेहमीच वैरी नाही. आर्सेनिक त्याच्याच पृष्ठभागावर घट्ट बसतं. विषारी षट्संयुजी क्रोमियमला लोखंड त्रिसंयुजी रूपात आणतं, पण त्यातून होणारा गाळ शेवटी कुठेतरी टाकावाच लागतो. शोधनिबंधांत ही बाजू फार थोडक्यात उरकली जाते, असं माझं मत आहे.

शांघायच्या ताओपू औद्योगिक वसाहतीत रोजच्या ६०,००० घनमीटर सांडपाण्यासाठी जी योजना उभी राहिली, तिच्यात नॅनो कण नव्हते. तांब्याचा लेप दिलेला लोखंडाचा कीस होता. पॅलेडियमचा मुलामा सांडपाण्याच्या केंद्राला परवडणारा नाही, हा हिशेब तिथे बरोबर जमला.