चालती गाडी पुलाला जास्त वाकवते का?

24 मे 1847. इंग्लंडमधल्या चेस्टरला डी नदीवरच्या रेल्वे पुलाचा बिडाचा गर्डर गाडी जात असतानाच तुटला. पाच माणसं गेली. पूल रॉबर्ट स्टीफन्सनचा, म्हणजे त्या काळातल्या नावाजलेल्या इंजिनिअरचा.

त्याच वर्षी सरकारने आयोग नेमला. प्रश्न साधा वाटेल: उभी गाडी आणि तीच धावती गाडी, पूल जास्त कशाने वाकतो? काही इंजिनिअर म्हणत, वेगात गेलेली गाडी पुलाला वाकायला वेळच देत नाही. म्हणजे जितकी जोरात, तितकी सुरक्षित!

मग प्रयोग झाले. उतारावरून सोडलेली गाडी 9 फुटी लोखंडी पट्ट्यांवरून नेली. उभ्या गाडीने पट्ट्या 0.6 इंच वाकल्या. ताशी 30 मैलांना 1.5 इंच. दुपटीहून जास्त!

इथे तुम्ही असता तर काय लिहिलं असतंत? 'सगळे पूल धोक्यात'? आयोगाने आधी खरा पूलही तपासला. यूएलच्या 48 फुटी पुलावर स्थिर वाक सुमारे 0.2 इंच होता. ताशी 50 मैलांना तो जेमतेम एक सप्तमांशाने वाढला.

मग खरं काय? दोन्ही. आयोगातले केंब्रिजचे प्राध्यापक रॉबर्ट विलिस यांनी समीकरण मांडलं आणि 1849 मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी ते सोडवलं. त्यातून कळलं की नुसता वेग बघून चालत नाही. वेगाचा वर्ग गुणिले स्थिर वाक, भागिले गाळ्याच्या लांबीचा वर्ग, ही राशी बघायची. वरचे आकडे घालून बघा: प्रयोगात ती यूएलच्या जवळपास 30 पट येते. प्रयोग चुकीचा नव्हता, पण छोट्या मॉडेलमध्ये परिणाम फुगून दिसत होता.

एक गोष्ट मात्र त्या समीकरणात नव्हती: पुलाचं स्वतःचं वस्तुमान. ते शून्य धरल्यामुळेच गणित आवाक्यात आलं. 1905 मध्ये रशियात क्रिलॉव्ह यांनी उलटं केलं. पुलाला वस्तुमान दिलं आणि गाडीला नुसतं सरकणारं बल मानलं. गाडी आणि पूल दोघांचं वस्तुमान एकत्र घेणं हे पुढच्यांचं काम ठरलं.

म्हणून पेपर वाचताना निष्कर्षाआधी दोन गोष्टी शोधा: मोजमाप कोणत्या आकारावर झालं, आणि शून्य काय धरलं. पुष्कळदा तुमचा विषय तिथेच सापडतो.