धुवायची भिंत, लिपायची भिंत

दिवाळीआधी वर्ध्याच्या घरी प्रेशर वॉशर भाड्याने आणला. समोरची सिमेंटची भिंत चकाचक झाली. त्याच जोरात मागच्या जुन्या मातीच्या खोलीवर फवारा मारला. दोन सेकंदांत पंजा मावेल एवढा खड्डा पडला.

आजी म्हणाली, "काहून बाबू, मातीची भिंत धुतात का कोणी? लिपतात."

तेव्हा घरापासून आठेक किलोमीटरवरचं सेवाग्राम आठवलं. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले. तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. घर गावातल्याच सामानाने बांधायचं आणि खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ द्यायचा नाही, ही त्यांची अट. म्हणून माती, बांबू आणि कवेलू. बापूकुटीच्या भिंतींवर मीराबेनने मातीतच उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा आजही दिसतात.

माझ्या मशीनचा दाब शंभर बारच्या वर. त्या झाडांना एक सेकंदही पुरला असता.

युरोपातला पहिला गरम पाण्याचा प्रेशर वॉशर आल्फ्रेड केर्शर यांनी १९५० साली बनवला. पक्क्या भिंतीवरचा मळ काढायला तो उत्तम. मातीच्या भिंतीचा मात्र मळच नाही, अंगही जातं. पावसाने जेवढं नेलं तेवढं शेणामातीने परत द्यावं लागतं, दरवर्षी, हाताने. कुटी टिकली ती अशाच हातांमुळे.

मशीन परत केलं. खड्डा आजीने सांगितला तसा मीच बुजवला. बोटांचे ठसे अजून दिसतात.