तळटीप : 'एकेरी चाबूक'
चिनी भाषेत 'दान ब्येन'. ताइचीतली ही मुद्रा घराण्यागणिक बदलते. वरच्या मजकुरातले वर्णन यांग घराण्याचे आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. उजव्या हाताची बोटे टोकाशी जुळवून मनगट खाली दुमडायचे, हा 'आकडा' बहुतेक सगळीकडे दिसतो. फरक पडतो तो डाव्या हातात आणि कमरेत. यांग पद्धतीत डावा पाय टाकून गुडघा वाकवतात, धड त्याच दिशेला वळते आणि तळवा समोर ढकलला जातो. हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावच्या चेन घराण्यात मात्र छाती वळत नाही; डावा हात कमानीसारखा बाजूला उलगडत जातो आणि शेवटी खांदा, कोपर, मनगट असे सारे खाली बसते. पिळलेले ओले धोतर हळूहळू सुटावे, तसे ते दिसते. वू जियानच्वान यांच्या शाखेत दोन्ही हात दोन बाजूंना आणि खाली घोडेस्वाराची बैठक.

यांग लूचान (१७९९–१८७२) हे चेन चांगशिंग यांचेच शिष्य. त्यामुळे एक पद्धत अस्सल आणि दुसरी पातळ झालेली, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आजची संथ, ऐसपैस चाल लूचान यांचे नातू यांग चंगफू यांनी रुळवली. १९५६चा २४ हालचालींचा सोपा संच तिच्यावरूनच बेतला गेला. त्यात चेन घराण्याचे पाय आपटणे नाही, अचानक दिलेला झटकाही नाही.