अरबी डिंक
आफ्रिकेतील सूदान, चॅड, सेनेगल इ. देशांच्या कोरड्या पट्ट्यात वाढणाऱ्या, बाभळीच्या कुळातील काटेरी वृक्षापासून (ॲकेशिया सेनेगल) मुख्यतः मिळणारा डिंक. अरब व्यापाऱ्यांमार्फत तो यूरोपात पोहोचल्याने हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकात एडनहून मुंबईस येऊन येथून पुनर्निर्यात होणारा असाच आफ्रिकी डिंक यूरोपात ‘पूर्व भारतीय’ म्हणून विकला जाई. व्यापारी नावांवर विसंबू नये ते यासाठीच.

ममीच्या पट्ट्या चिकटविण्यास ईजिप्तमध्ये डिंक वापरीत, असे हीरॉडोटस याने नोंदविले आहे. तथापि या डिंकाचे राजकीय महत्त्व वाढले ते अठराव्या शतकात, छापील सुती कापडामुळे. छपाईचा रंग कापडावर पसरू नये म्हणून तो दाट करावा लागतो आणि छपाईनंतर दाटपणा आणणारा पदार्थ धुऊन निघावा लागतो. पाण्यात पूर्णपणे विरघळणारा हा डिंक त्यास सोयीचा ठरला. सेनेगल नदीच्या मुखाशी असलेले फ्रेंचांचे सेंट लूई हे ठाणे ब्रिटिशांनी १७५८ मध्ये घेतले, त्यामागे डिंकाचा व्यापार हे एक प्रमुख कारण होते. १७८३ च्या तहान्वये सेनेगल फ्रेंचांना परत मिळाले. पण पोर्टेंडिक येथे डिंक खरेदी करण्याचा हक्क ब्रिटिशांनी राखून ठेवला.

रासायनिक दृष्ट्या हा डिंक म्हणजे ॲरॅबिक अम्लाची कॅल्शियम, मॅग्नेशियम व पोटॅशियम लवणे होत. जलीय विच्छेदनाने त्यापासून गॅलॅक्टोज, ॲरॅबिनोज, ऱ्हॅम्नोज व ग्लुकुरॉनिक अम्ल मिळतात. ट्रॅगकांथ डिंक पाण्यात फुगून अल्प प्रमाणातच घट्ट लगदा बनवितो. याउलट अरबी डिंकाचा सु. ५० टक्क्यांपर्यंतचा विद्राव करता येतो. त्याचा रेणू अतिशय शाखित व आटोपशीर असल्याने श्यानता (दाटपणा) कमी राहते. अल्कोहॉलात तो विरघळत नाही. त्यात सु. २ टक्के प्रथिन असते. हा अंश किरकोळ वाटला, तरी तेलाच्या थेंबांना चिकटून पायस टिकवून धरण्याचे काम मुख्यतः प्रथिनयुक्त रेणूच करतात. शीतपेयांतील सुगंधी तेले पाण्यापासून वेगळी होत नाहीत ती यामुळे.

या गुणांचा संयोग असलेला पर्यायी पदार्थ सहज मिळत नाही. अमेरिकेने १९९७ मध्ये सूदानवर व्यापारी निर्बंध घातले, तेव्हाही अरबी डिंकाला सवलत द्यावी लागली. एप्रिल २०२३ मध्ये सूदानात सुरू झालेल्या युद्धाची झळ कॉर्दोफान व दारफूर या मुख्य उत्पादक प्रदेशांनाच बसली. खोडाची साल सोलून डिंक गोळा करणाऱ्या तेथील शेतकऱ्यांचे कोरड्या ऋतूतील उत्पन्न त्यामुळे धोक्यात आले.