निषिद्ध वस्तूंची यादी : एका अप्रकाशित परिशिष्टाचा इतिहास

विमानतळावर हातसामानाची झडती घेतली जाते तेव्हा प्रवासी आणि अधिकारी यांच्यामध्ये यंत्राखेरीज आणखी एक गोष्ट उभी असते. ती म्हणजे शब्दांची एक यादी. क्ष-किरणांचे यंत्र केवळ आकृती दाखविते. त्या आकृतीस 'निषिद्ध' हे विशेषण लावावयाचे की नाही, हे यादी ठरविते. ही यादी कोणी केली, ती कोणत्या भाषेत लिहिली, आणि ज्याच्यावर ती बंधनकारक आहे त्यास ती वाचावयास मिळत होती काय, असे तीन प्रश्न येथे संभवतात. त्यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचा विचार युरोपातील एका खटल्याच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभी अशी तपशीलवार यादी नव्हती. १ मे १९६१ रोजी अमेरिकेतील एक प्रवासी विमान धाकदपटशाने क्युबाकडे नेण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या स्वाक्षरीने झालेल्या कायद्याने विमानाचे अपहरण व विमानात घातक शस्त्र लपवून नेणे हे गुन्हे ठरले. 'शस्त्र' म्हणजे काय, हे सर्वांस ठाऊक आहे असे त्या वेळी गृहीत होते. सर्व प्रवाशांची व त्यांच्या हातसामानाची सरसकट तपासणी तेथे ५ जानेवारी १९७३ पासून सुरू झाली, आणि ती सुरू होताच हे गृहीत डळमळू लागले. आपल्या परंपरेत हातात धरून मारावयाचे ते शस्त्र व फेकून मारावयाचे ते अस्त्र असा भेद केला जातो. या भेदाचा आधार वस्तू नसून क्रिया आहे. तपासणीच्या टेबलावर मात्र क्रिया अद्याप घडलेली नसते. समोर असते ती केवळ वस्तू. तेव्हा क्रियेवरून ठरणारा अर्थ वस्तूच्या अंगी कसा चिकटवावयाचा? अमेरिकेने त्यास मापाचे उत्तर दिले. ४ इंचांहून आखूड पात्याचा चाकू नेण्यास मज्जाव नव्हता. ११ सप्टेंबर २००१ नंतर हे उत्तर टिकणे शक्यच नव्हते.

त्या घटनेनंतर युरोपीय संघाने १६ डिसेंबर २००२ रोजी विमानवाहतुकीच्या सुरक्षिततेविषयी २३२०/२००२ या क्रमांकाचा विनियम केला. तो राजपत्रात प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या परिशिष्टात निषिद्ध वस्तूंच्या वर्गीकरणाची मार्गदर्शक यादीही होती. मात्र त्याच विनियमाच्या आठव्या कलमाने काही उपाययोजना गुप्त ठेवण्याची मुभा दिली. या मुभेचा आधार घेऊन युरोपीय आयोगाने ४ एप्रिल २००३ रोजी ६२२/२००३ हा अंमलबजावणीचा विनियम काढला. त्याचा मुख्य भाग राजपत्रात छापला गेला. परिशिष्ट छापले गेले नाही. प्रवाशाने काय न्यावे व काय नेऊ नये याची सुधारित यादी पुढे या न छापलेल्या परिशिष्टात गेली. १५ जानेवारी २००४ च्या ६८/२००४ या विनियमाने तीत बदल केला. निषिद्ध वस्तूंची एकसारखी व जनतेस उपलब्ध होणारी यादी असावयास हवी, असे या विनियमाच्याच प्रस्तावनेत म्हटले होते; तरीही यादी ज्या परिशिष्टात होती ते अप्रकाशितच राहिले. प्रस्तावना एक सांगते आणि परिशिष्ट दुसरेच करते, असा प्रकार आपल्याकडील शासकीय कागदपत्रे चाळणाऱ्यास अपरिचित नाही. तरी इतका ढळढळीत नमुना विरळाच.

२५ सप्टेंबर २००५ रोजी व्हिएन्नाच्या विमानतळावर एका प्रवाशाच्या हातसामानात टेनिसच्या रॅकेटी आढळल्या. त्या निषिद्ध आहेत असे सांगून त्यास परत फिरविण्यात आले. तो तरीही रॅकेटींसह विमानात जाऊन बसला, तेव्हा त्यास खाली उतरविण्यात आले. या कारवाईविरुद्ध त्याने लोअर ऑस्ट्रिया प्रांताच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. न्यायाधिकरणापुढे विचित्र पेच पडला. प्रवाशाने जो नियम मोडला असे म्हटले जात होते, त्याचा मजकूर प्रवाशास वाचावयास मिळण्याची सोयच नव्हती. म्हणून त्या न्यायाधिकरणाने लक्झेंबर्ग येथील युरोपीय समुदायांच्या न्यायालयास विचारले की, जो विनियम राजपत्रात प्रसिद्ध झाला नाही तो नागरिकावर बंधनकारक असतो काय?

येथे भाषेच्या अभ्यासकास क्षणभर थांबावेसे वाटते. २००२ च्या प्रकाशित यादीत सोटे, पोलिसी दंडुके, बेसबॉलच्या बॅटी 'व तत्सम साधने' असा एक वर्ग होता. मराठी व्याकरणात 'तत्सम' ही संज्ञा काटेकोर आहे; संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द तेवढाच तत्सम. कायद्यातील 'तत्सम' मात्र अत्यंत ऐसपैस असतो. विशिष्ट नामांमागून येणारे सामान्य पद त्या नामांच्या जातीपुरतेच समजावयाचे, हा अर्थनिर्णयाचा जुना नियम आहे. परंतु जात ठरवावयाची कशावरून? लांबीवरून, वजनावरून, की हाताच्या पकडीवरून? रॅकेट ही बेसबॉलच्या बॅटीची भावंड मानली, तर छत्रीही फार दूरची नातेवाईक ठरत नाही. प्रस्तुत लेखकाजवळचा एक अडकित्ता एका विमानतळावर असाच राहून गेला. यादीत त्याचे नाव नव्हते. 'कात्रीसारखेच काहीतरी' असे म्हणून अधिकाऱ्याने प्रश्न सोडविला. त्यात त्याचा दोष काढता येत नाही; साम्यावरून अर्थ ताडणे हे भाषा वापरणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे. फरक एवढाच की यादी छापलेली असेल तर त्या ताडण्याशी वाद घालता येतो. न छापलेल्या यादीपुढे वादास जागाच उरत नाही.

महाधिवक्त्या एलिनॉर शार्पस्टन यांनी १० एप्रिल २००८ रोजी न्यायालयापुढे आपले मत मांडले. विनियमाचा आशयच दडविला गेला असेल तर तो विनियम अस्तित्वातच नाही असे मानावे, इतक्या टोकापर्यंत त्या गेल्या. १० मार्च २००९ रोजी न्यायालयाच्या महापीठाने निर्णय दिला तो तुलनेने मर्यादित होता : राजपत्रात प्रसिद्ध न झालेले हे परिशिष्ट नागरिकांवर बंधने लादू पाहते तेवढ्यापुरते ते बंधनकारक नाही. न्यायालयाने आणखी एक मुद्दा मांडला. मूळ विनियमाची यादी प्रसिद्ध झालेली होती, त्यामुळे तिच्यातील बदल गुप्ततेच्या कलमाखाली येऊच शकत नव्हते. तपासणीची पद्धत, यंत्रांची क्षमता, कर्मचाऱ्यांस दिलेल्या सूचना यांबाबत गुप्ततेचे समर्थन होऊ शकते, कारण त्या गोष्टी कळल्याने अपराध्यास वाट सापडते. यादीविषयी हा युक्तिवाद आमच्या मते टिकत नाही. प्रवाशाने काही वस्तू घरीच ठेवाव्यात हाच तिचा हेतू, आणि तो हेतू तिच्या वाचनाखेरीज सिद्ध होत नाही. टेनिसची रॅकेट शस्त्र आहे की नाही, या प्रश्नाकडे वळण्याची न्यायालयास गरज पडली नाही.

या निकालाची व्याप्ती रॅकेटीपुरती नव्हती. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यावर आयोगाने १५४६/२००६ या विनियमाने द्रवपदार्थांवर निर्बंध घातले : १०० मिलीलिटरपर्यंतचे भांडे, आणि अशी सर्व भांडी मिळून एक लिटरची पारदर्शक पिशवी. येथे मापाचे उत्तर पुन्हा आले, पण वेगळ्या रूपाने. मोजावयाचे ते भांडे होते, आतील द्रव नव्हे, म्हणून अर्धी रिकामी मोठी बाटलीही बादच. ६ नोव्हेंबर २००६ पासून हा नियम लागू झाला. पत्रके व फलक यांवाटे लोकांस तो समजला. परंतु विधीच्या दृष्टीने तो ६२२/२००३ च्या त्याच अप्रकाशित परिशिष्टातील एक दुरुस्ती होता. युरोपीय संसदेने ५ सप्टेंबर २००७ च्या ठरावात त्याविषयी नापसंती व्यक्त केली. अखेर ऑगस्ट २००८ मध्ये, न्यायालयाच्या निकालापूर्वी सात महिने, आयोगाने ८२०/२००८ हा नवा विनियम काढून यादी व द्रवांचे निर्बंध राजपत्रात छापले. दरम्यानच्या पावणेदोन वर्षांत युरोपच्या विमानतळांवर पाण्याच्या, अत्तराच्या व औषधांच्या असंख्य बाटल्या ज्या मजकुराच्या आधारे टोपल्यांत टाकल्या गेल्या, तो मजकूर त्या बाटल्यांच्या मालकांसाठी राजपत्राच्या कोणत्याही पानावर नव्हता.