कोणी केले, का केले? : उपनगरांतील वाचक आणि मराठी मनोथराराची वाटचाल

१/
१९६८चे साल. मुंबईच्या उत्तर उपनगरांत झोपड्यांतून आणि रस्त्याकडेला निजलेल्या माणसांच्या डोक्यावर रात्री कोणीतरी जड वस्तूने घाव घालत होते. त्याआधी १९६५-६६ मध्ये मध्य रेल्वेमार्गालगतच्या पूर्व उपनगरांनी असाच भीतीचा काळ अनुभवला होता. अखेर २७ ऑगस्ट १९६८ रोजी पोलीस उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी रामन राघव याला पकडले.

२/
त्याच्याजवळ सापडलेल्या वस्तू अशा : चष्मा, कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण आणि चहाची पूड. इतक्या क्षुल्लक वस्तूंसाठी इतकी माणसे मारली जातात? सूड, संपत्ती, वारसाहक्क किंवा प्रेमातील वैर ही रहस्यकथेची नेहमीची कारणे येथे एकही लागू पडत नव्हती. गुन्हेगार सापडला, रहस्य मात्र तसेच राहिले.

३/
‘कोणी केले?’ हा रहस्यकथेचा प्रश्न. ‘का केले, आणि करणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय होते?’ हा मानसशास्त्रीय थरारकादंबरीचा प्रश्न. मराठी वाचक पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे कसा पोहोचला, आणि या वाटेवरची कोणती पुस्तके आजही एकमेकांना सुचवण्याजोगी आहेत, याचा हा धावता इतिहास.

४/
प्रारंभ वाचकापासून करावा लागतो. १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपरचा पट्टा आणि १९५७ मध्ये बोरिवली-मुलुंडपर्यंतचा प्रदेश मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला. गिरगाव-दादरच्या चाळींतून अनेक मराठी कुटुंबे उपनगरांत स्थिरावली. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३पासून उभा होता. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ होता. त्यांच्या ग्रंथालयांखेरीज गल्लीबोळांत ‘सर्क्युलेटिंग लायब्ररी’ नावाची एक छोटी दुनिया होती.

५/
एका गाळ्यात भिंतभर फळ्या, खाकी कागदाची कव्हरे, पाठीवर शाईने लिहिलेला क्रमांक आणि महिन्याची ठरलेली वर्गणी. सकाळी नेलेले पुस्तक लोकलच्या प्रवासात संपवून संध्याकाळी परत करणारे वाचक तेथे होते. नियतकालिकांतील समीक्षक रहस्यकथेची फारशी दखल घेत नसत. म्हणून ‘हे वाच, रात्री झोप लागणार नाही’ एवढे शेजाऱ्याचे वाक्य हीच या साहित्याची समीक्षा होती.

६/
या फळ्यांवर अनेक वर्षे राज्य केले ते बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६-१९९६). मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत. झुंजार आणि विजया, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची पात्रे घरोघरी परिचित होती. इंग्रजी रहस्यकथांचे ऋण त्यांच्या लेखनावर होते, पण भाषा आणि वेग अस्सल मराठी वाचकाला पकडून ठेवणारे होते.

७/
अर्नाळकरांच्या जगात दुष्टपणा बाहेर असतो. तो मुखवटा घालतो, बंदरावर उतरतो, बंगल्यात शिरतो. शेवटच्या पानावर मुखवटा उतरतो आणि जग पूर्ववत होते. पुढे सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी हे नायक दिले आणि गुरुनाथ नाईकांनी हजाराच्या घरात कादंबऱ्या लिहिल्या. नायक बदलले, वेग वाढला. पण वाचकाला मिळणारे आश्वासन बहुधा तेच राहिले.

८/
याच काळात मराठी कादंबरीचा दुसरा प्रवाह आत वळत होता. बा. सी. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ १९४२ मध्ये आली. मनात एकामागून एक येणारे विचार, आठवणी आणि भास हाच तिचा ऐवज. ती थरारकादंबरी नव्हे, आणि लायब्ररीतील गर्दी तिच्यासाठी कधी नव्हती. पण माणसाचे डोके हेच घटनास्थळ असू शकते, ही शक्यता तिने मराठीत उघड केली.

९/
मनाच्या आजाराकडे पाहण्याची समाजाची रीत मात्र वेगळी होती. मुलुंडच्या पुढचे स्थानक ठाणे. तेथे १९०१पासून मनोरुग्णालय आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा मुंबईकरांचा जुना विनोद. ज्याची भीती वाटते त्याची थट्टा करून ते दूर ठेवायचे, असा त्यामागचा व्यवहार. चांगल्या मनोथराराने नेमके हेच अंतर पुसले. वेड शेजारच्या स्थानकावर नसून आपल्याच घरात असेल तर?

१०/
जयवंत दळवींची ‘अंधाराच्या पारंब्या’ हा प्रश्न थेट विचारते. घराण्यात वेडाची परंपरा आहे, आणि सुशिक्षित, उदारमतवादी बॅरिस्टरला आपलीही पाळी येईल अशी भीती आहे. येथे खून नाही, पोलीस नाहीत. तरीही वाचक श्वास रोखतो, कारण शत्रू नायकाच्या मस्तकात आहे. याच कादंबरीतून ‘बॅरिस्टर’ हे नाटक निर्माण झाले आणि रंगभूमीवर गाजले.

११/
चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’मध्ये एका माणसाला दैवी आदेश मिळाल्याची खात्री पटते. साक्षात्कार कोठे संपतो आणि भ्रम कोठे सुरू होतो, याची सीमारेषा कादंबरी आखून देत नाही. श्याम बेनेगल यांनी तिच्यावर चित्रपट केला. कोकणातील समुद्र, अंधार आणि श्रद्धा यांतून उभा राहणारा हा ताण कोणत्याही परदेशी थरारकादंबरीच्या तोडीचा आहे.

१२/
एक धागा उपनगरातूनही निघाला. विलेपार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेली हौशी मंडळी विजय तेंडुलकरांना लोकलमध्ये भेटली आणि त्यातून ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची कल्पना सुचली. १९६७ मध्ये रंगमंचावर आलेले हे नाटक खेळ म्हणून सुरू होते आणि एका स्त्रीच्या शिकारीपाशी पोहोचते. त्यातील क्रौर्य सभ्य, सुशिक्षित, ओळखीच्या माणसांचे आहे. म्हणूनच ते अधिक भिववते.

१३/
लायब्ररीच्या फळीवर हे वळण आणले ते पुण्याच्या नारायण धारपांनी (१९२५-२००८). त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे. धारपांचे अमंगल अनेकदा बाहेरूनच येते आणि ‘समर्थ’ त्याचा बंदोबस्त करतात. पण ते ज्या दारातून आत शिरते, ते दार माणसाचा लोभ, एकटेपणा किंवा दुबळेपणा यांनी उघडलेले असते.

१४/
ते दार ओलांडून पूर्ण आत गेले रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०). बँकेतील नोकरी सांभाळत त्यांनी वर्षानुवर्षे लेखन केले. रहस्यकथा आणि भयकथा यांपासून वेगळी अशी ‘गूढकथा’ त्यांनी मराठीत रुजवली. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘कबंध’ हे त्यांचे कथासंग्रह. मतकरींचा भयप्रसंग नेहमीच्या घरांत, नेहमीच्या नात्यांत घडतो. भूत दिसले की मनच फिरले, हा निर्णय अनेकदा वाचकावर सोपवलेला असतो.

१५/
न्यायालयाला मात्र निर्णय टाळता येत नाही. कृत्य करताना आरोपीला त्याचे स्वरूप कळत होते काय, हा तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४चा प्रश्न होता. रामन राघवला १९६९ मध्ये फाशीची शिक्षा झाली. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमले गेले. दीर्घकालीन स्किझोफ्रेनियाचे निदान झाले आणि १९८७ मध्ये शिक्षा जन्मठेपेत बदलली. १९९५ मध्ये तो मरण पावला.

१६/
येथे थरारकादंबरीच्या वाचकासमोर एक नैतिक प्रश्न उभा राहतो. मारेकऱ्याचे नाव चित्रपटाच्या शीर्षकात झळकते; झोपेत मारल्या गेलेल्या गरिबांची नावे कोणाला आठवत नाहीत. शिवाय मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणालाही इजा करत नाहीत. ‘तो वेडा होता’ एवढे सांगून थांबणारी कादंबरी म्हणूनच आळशी ठरते. वेदना कोणाची, हे जी विसरू देत नाही, तीच दुसऱ्याला सुचवावी.

१७/
त्या कसोटीवर नव्या वाचकांसाठी हा क्रम :
• वेगाची गोडी लागावी म्हणून अर्नाळकरांची झुंजारकथा
• रात्रीच्या वाचनासाठी धारपांची ‘लुचाई’
• घरातल्या भीतीसाठी मतकरींचा ‘खेकडा’
• स्वतःच्या मनाच्या भीतीसाठी दळवींची ‘अंधाराच्या पारंब्या’
• श्रद्धा आणि भ्रमासाठी खानोलकरांची ‘कोंडुरा’
• समकालीन लेखनात हृषीकेश गुप्ते यांची ‘दंशकाळ’
मर्ढेकर सर्वांत शेवटी. ‘रात्रीचा दिवस’ घाईने वाचू नये.

१८/
स्वस्त कागदावर छापलेल्या, हाताळून फाटलेल्या असंख्य रहस्यकथा आज मिळत नाहीत. लायब्रऱ्या मिटल्या, गाळ्यांत दुसरी दुकाने आली, पुस्तके रद्दीत गेली. जी उरली, त्यांतील कित्येक केवळ कोणीतरी कोणाला तरी ‘हे वाच’ म्हणाले म्हणून उरली. या साहित्याचा इतिहास अभिलेखागारात फारसा नाही. तो वाचकांच्या तोंडी आहे. बोरिवलीच्या गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला एखादे नाव सुचवले, तरी तो इतिहास एका स्थानकाने पुढे जातो.